भंडाऱ्याची वाटी

कॉम्प्युटरनं सातव्यांदा नकार दिला. पडद्यावर तेच वाक्य आलं. पासवर्ड चुकीचा आहे.

"विसरलीस तू," गुरुलिंग बायकोला म्हणाला. "टेन्शनमधी बदलला असशील अन् विसरली असशील. होतं असं."

शिवप्रियानं कॅप्स लॉकचं बटण पुन्हा तपासलं. काल दिवेलागणीला तिनं हाच पासवर्ड टाकून हाच कॉम्प्युटर उघडला होता. आत तिचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. नव्वद पानं. चार महिने, रोज भाकऱ्या थापून झाल्यावर टाइप केलेली. आज पाचच्या आत ती नळदुर्गच्या अभ्यासकेंद्रावर द्यायची होती. नाही दिली तर वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी हे घर आपल्याला पुन्हा खुर्चीवर बसू देईल, यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

दुरुस्तीवाल्या हाफिजला तिनं सकाळीच फोन केला होता. "खोलून देतो, भाभी," तो म्हणाला होता. "पण आतलं ऱ्हाईल, ह्याची ग्यारंटी न्हाई."

तिचा सासरा गुंडप्पा दारात खुर्ची टाकून बसला होता. सुनेच्या बोटांवर डोळे ठेवून. त्याचा संशय सरळ होता. सून अणदूरच्या बायकांवर लिहीत होती. शेतात राबणाऱ्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, हे साठ घरांत विचारत फिरली होती. मग आपल्या घराचं लिहायचं सोडलं असेल? काल त्यानं म्हटलं, वाचून दाखव. आणि आज कॉम्प्युटर बंद.

"नाटक हाय समदं," तो म्हणाला. "म्या वाचू न्हाय म्हणून कुलूप घातलंय. नळदुर्गच्या गाडीच्या टायमाला बरोबर उघडतंय बघ."

"मामा, माझ्याच गळ्याला म्या फास कशाला लावून घीन?"

"ते तुझं तुला ठाव."

गुरुलिंग मध्ये पडला. "अप्पा, जाऊ द्या. ती खोटं बोलत न्हाय. विसरलीय नुसती."

तो इतकं मायेनं बोलला, की घटकाभर शिवप्रियालाही ते खरं वाटलं. तिनं लग्नाची तारीख टाकली. आईचं नाव टाकलं. माहेरच्या गल्लीचं नाव टाकलं. आपण असं काही केलं होतं का, कधी केलं, कुठं बसून केलं, ती डोकं धरून आठवत राहिली. काहीच आठवेना. जे केलंच नाही ते आठवणार कसं, हा साधा प्रश्न तिला सुचला नाही. घरातली दोन माणसं सकाळपासून ‘तूच बदललास’ म्हणत असली, की भल्याभल्यांना सुचत नाही.

गुंडप्पा उठला. देव्हाऱ्यातली पितळी वाटी घेऊन आला. वाटीत भंडारा, खंडोबाची हळद. वर बेलाचं पान. भांडण हातघाईवर आलं की या घरात ते त्या वाटीपाशी मिटायचं. पोलिसापुढं खोटं बोलता येतं, तलाठ्यापुढं तर बोलावंच लागतं. पण बेलभंडारा उचलून खोटं बोललेलं माणूस या गल्लीनं पाहिलं नव्हतं.

"उचल," तो म्हणाला. "अन् म्हण, पासवर्ड म्या बदलला न्हाय."

शिवप्रियानं मूठभर भंडारा उचलला. "पासवर्ड म्या बदलला न्हाय," ती म्हणाली. थांबली. मग आवाज चढवून म्हणाली, "अन् विसरले बी न्हाय."

गुंडप्पाचं तोंड उघडं राहिलं. सून खोटी निघाली असती तर बरं झालं असतं. आता घरातलं दुसरं कुणीतरी खोटं होतं.

त्याची बायको हरणाबाई चुलीपासून उठून आली. पदराला हात पुसले. कुणी न सांगता तिनं भंडारा उचलला. "त्या डबड्यावर म्या फडकं मारते. लावलाच तर तेवढाच हात." मग तिनं वाटी नवऱ्यापुढं धरली. "आता तुमी."

"म्या? मला ते चालू तरी करता येतंय व्हय?"

"मग उचलायला काय जातंय?"

गुंडप्पानं उचलला. सुनेकडं न बघता.

हरणाबाईनं वाटी मुलापुढं नेली.

"आई, काय येडेपणा लावलाय," गुरुलिंग हसला. पानटपरीवरही तो असाच हसायचा. महिनाभर तिथं एकच चाललं होतं. "गुरूभाऊ, बी.ए.ला दोनदा नापास तुमी, अन् डिग्री वहिनीला. आता घरात सही कुणाची चालायची?"

"हसू नको. उचल."

"देव सध्या नळदुर्गात हाय. कशाची शपथ अन् कशाचं काय."

हे मात्र खरं होतं. अणदूरचा खंडोबा दर वर्षी काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला असतो. पण तेवढ्या दिवसांत अणदूरात खोटं बोलायला मोकळीक असते, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"देव गेला म्हणून त्याचं डोळं बी गेलं व्हय रं?" हरणाबाई म्हणाली.

वाटी तशीच पुढं राहिली. म्हातारीचा हात हलला नाही. गुरुलिंगचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं हात पुढं केला. बोटं वाटीच्या काठापर्यंत गेली आणि तिथूनच माघारी आली.

"सरक," तो शिवप्रियाला म्हणाला. तिच्या तोंडाकडं न बघता.

ती उठली. तो खुर्चीवर बसला. कीबोर्ड जवळ ओढला. पडद्यावर एकामागं एक अकरा ठिपके उमटले.

त्याची बोटं एकदाही अडखळली नाहीत.