मर्विनचं घुबड

काकाकुव्यांनी आधी घुबडाचं डोकं खाल्लं, मग तार. घुबड प्लॅस्टिकचं होतं. पक्ष्यांना धाक बसावा म्हणून मर्विननेच ते अँटेनाच्या खांबावर बसवलं होतं. आता त्या घुबडाच्या खांद्यावर बसून एक काकाकुवा चोच घासत होता आणि खांबावरून घरात येणारी तार चावून चोथा होऊन लोंबत होती. नवी तार शहरातून यायला आठवडा होता.

सकाळी मर्विन स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओपुढे बसला. त्यावर ऐकू येई, बोलता येत नसे; बोलायचा मोठा रेडिओ त्या तारेवाचून मुका पडला होता. न्यू साउथ वेल्सच्या त्या सपाट मुलखातले हौशी रेडिओवाले रोज या वेळी हवेतून हजेरी देत. सगळे सत्तरीच्या पुढचे. जो बोलला तो जिवंत, इतका साधा हिशेब.

"मर्विन?" हजेरी घेणाऱ्या डल्सीने तिसऱ्यांदा पुकारलं. नुसती खरखर. "आजही नाही. फोनही उचलत नाहीत दोघं."

"उचलू देतोस कुठे!" नोलीन करपलेला टोस्ट खरवडत नवऱ्याला म्हणाली. "सरळ सांगून टाक ना, पक्ष्यांनी तार खाल्ली म्हणून."

"म्हणजे क्लॅरीच्या हातात आयतं कोलीत!"

क्लॅरी त्याचा जुना दोस्त. तार लोखंडी नळीतून घे, असं त्याने बजावलं होतं. मर्विनने ऐकलं नाही, घुबड आणलं. क्लबात सॉसेज भाजताना क्लॅरी त्या घुबडाला चारचौघांत इतका हसला, की दोघांचं बोलणंच तुटलं. तेव्हापासून हजेरीत एकाचं नाव आलं की दुसरा गप्प. मर्विनला त्याच्यावाचून करमत नव्हतं. पण मोडेन पण वाकणार नाही, ही त्याची खोड लग्नाआधीपासूनची.

रेडिओ खरखरला. क्लॅरीचाच आवाज.

"डल्सी, मी जाऊन बघतो."

"अरे, तीन तासांची वाट आहे! आणि तुझे ते गुडघे?"

"गुडघ्यांनी गाडी कोण चालवतं? मेला असेल तर नोलीन एकटी आहे तिथे." रेडिओवर किल्ल्या खुळखुळल्या. "नसेल मेला, तर दोन शिव्या घालून येतो. फार दिवस झाले घालून."

मर्विनने रेडिओ बंद केला. त्याचे डोळे भरले होते, ते त्याने बायकोपासून लपवलेही नाहीत.

नोलीनने फोन उचलला. "निघायच्या आत सांगते त्याला. या वयात कशाला उगाच धावपळ त्या बिचाऱ्याला."

मर्विनने तिचा हात धरला. "नको."

"अजून त्या घुबडाची लाज वाटते?"

"तसं नाही गं. मी जिवंत आहे असं कळलं, तर तो यायचा नाही."

मागच्या अंगणात काकाकुव्यांनी कल्ला मांडला होता. नोलीनने फोन ठेवून दिला आणि नवऱ्याच्या पांढऱ्या खुंटांकडे पाहिलं.

"मग निदान दाढी तरी कर," ती म्हणाली. "दारातच धसका घेईल तो."