स्पर्धेच्या दिवशीची मिसळ

“खा. आज तुला कुठं बिगूल वाजवायचाय,” म्हणत शालनने डब्याचं झाकण काढलं. आत झणझणीत मिसळ होती. नवरा आत दवाखान्यात, आणि मी तीन दिवस बाहेरच्या बाकावर. भूक कधीच मेली होती. पण तिच्या त्या बोलण्याने मी मान वर केली.

कन्याशाळेच्या बँडमध्ये मी बिगूल वाजवायचे, शालन ड्रम. तिखटाने ओठ हुळहुळतात, म्हणून स्पर्धेच्या दिवशी ते खायचं नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. चौऱ्याहत्तर साली सांगलीत मी मैदानामागच्या गाड्यावर गुपचूप मिसळ खाल्ली. वरचा सूर फाटला, ढाल गेली. बाईंना वाटलं, शालनचा ठेका पळाला म्हणून माझा श्वास तुटला. त्यांनी तिला बँडमधून काढलं. मी गप्प राहिले.

“म्हणजे मिसळीचं तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“तुझ्या पांढऱ्या हातमोज्यावर कटाचा डाग होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“ड्रम कुणीही वाजवला असता गं. बिगूल वाजवणारी तू एकटीच होतीस.”

“पुढच्या वर्षी ढाल आणली आम्ही,” मी कसंबसं म्हटलं.

“माहितीये. कुंपणाबाहेर उभी होते.”

तिने आखडलेली बोटं डब्याच्या झाकणावर टेकली आणि सांगलीचा तो ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूच वाजवला.

कुठेही पळाला नाही.