वरचा दात

द्वारकानं ओढणी पुढं ओढली आणि बाळाचं तोंड पुन्हा छातीशी लावलं. त्याला भूक नव्हती. ते चावत होतं. चावू दे. तोंड झाकलेलं राहिलं म्हणजे झालं.

समोर खुर्चीवर तिचा भाऊ रामकिसन चहा पीत होता. तिला आठ दिवस माहेरी न्यायला बिडकीनहून गाडी घेऊन आला होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली. आतल्या खोलीत नवरा नाईट करून झोपला होता, म्हणून सगळे हळू बोलत होते. झोपायचा हक्क या घरात एकट्या त्याला होता, कारण तो कंपनीत जायचा.

आठ महिन्यांचं पोर अकरा दिवस धड झोपलं नव्हतं. तासा-तासाला उठायचं, लाळ गाळायचं, मूठ चावायचं, बोंबलायचं. डॉक्टर म्हणाला, दात येताना होतंच असं, शिवाय अंगानं वाढतंय, काळजीचं काही नाही. त्याचं काय जातं म्हणायला. काल द्वारका फोडणी टाकून उभ्या उभ्या झोपली. सासूनं खांदा हलवला तेव्हा कढई धुरानं भरली होती. आईनं फोनवर सांगितलं होतं, ये तू, रात्री मी घेते त्याला. तेवढ्या एका वाक्यावर ती दिवस ढकलत होती.

दात तिला चार दिवसांपूर्वीच कळला, बाळानं कचकन चावलं तेव्हा. वरचा होता. खालची हिरडी अजून कोरी. तिनं कुणाला सांगितलं नाही.

रामकिसननं कप खाली ठेवला. ‘मग, निघायचं? ऊन चढायच्या आत पोचू.’

‘चल.’ ती उठलीच.

सारजाबाई, तिची सासू, स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. ‘थांब गं. हिरड्यांना टाकणखार-मध लावून देते. गाडीत रडायचं नाय.’

‘नको आत्या. झोपंल आता ते.’

‘अकरा दिवस झोपलं नाय, ते आता झोपतंय व्हय? आण इकडं.’

सासू वाईट नव्हती. वाईट असती तर द्वारकाला सोपं गेलं असतं. सारजाबाईनं बाळाला मांडीवर घेतलं, मधात बोट बुडवलं, तोंडात फिरवलं. बोट थांबलं. पुन्हा त्याच जागी गेलं.

‘अगं, वरचा हाय की हा.’

रामकिसन बाळाला बघून टाळ्या वाजवत होता. त्याचे हात थांबले. त्यानं मान वळवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला.

‘कधी आला?’

‘आजच दिसतोय,’ द्वारका म्हणाली.

‘आजचा नाय. चांगला टोचतोय बोटाला. तुला ठावं होतं.’ सारजाबाईचा आवाज चढला नाही, उलट उतरला. ‘वरचा आधी आला की मामाला जड असतं. खालचे येऊस्तर मामानं तोंड बघू नाय. अन् तू त्याच्याच गाडीत घालून न्यायलीस? तुझा सख्खा भाऊ हाय तो, बाई.’

‘दादा, तू तर सायन्स शिकवतो कॉलेजात.’

‘मी कुठं मानतो,’ रामकिसन कॅलेंडरला म्हणाला. ‘मी नाय मानत असलं काही. पण तुझ्या वहिनीचं ठाऊक हाय ना तुला. अन् आईच्या कानावर गेलं तर ती दारात बी घ्यायची नाय. उगं कटकट.’

‘मला नुसतं झोपायचंय, दादा.’

‘मग झोप की. इथं कोण नको म्हणतंय?’

कुणीच नको म्हणत नव्हतं. सारजाबाई तर मानच हलवत होती, झोप बाई, झोप.

‘खालचे येतील की पंधरा दिवसांत,’ तो म्हणाला. ‘फार तर महिना. आले की फोन कर, मी हजर.’ बॅग त्यानंच उचलली आणि बाळाकडं पाठ ठेवून, आडवा आडवा चालत पलंगाखाली सरकवली. चपला घालताना त्याला आठवलं. ‘अन् ग्रुपवर फोटो टाकू नको गं त्याचा. सध्या.’

तो जिना उतरला. बाळानं गळा काढला. आतून नवरा ओरडला, ‘त्याला गप करा रे कुणीतरी.’

सारजाबाईनं पोर द्वारकाच्या हातात दिलं. ‘घे. त्याला आईच लागती.’

द्वारका त्याला घेऊन गॅलरीत आली. पहिलाच मजला. खाली पुंडलिकनगरच्या गल्लीत कुणीतरी रिक्षा आडवी लावून गेला होता आणि रामकिसनला गाडी काढता येत नव्हती. तो दार उघडून एक पाय बाहेर टाकून उभा होता, रिक्षावाल्याची वाट बघत. वर बघत नव्हता. लहानपणी त्यानं तिला खांद्यावर घेऊन नाला ओलांडला होता. आता मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होता.

बाळ बोंबलत होतं. तिनं त्याला दोन्ही बगलांत हात घालून कठड्यावर उभं धरलं, गल्लीकडं तोंड करून.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘मोबाईल राहिला तुझा.’

रामकिसननं पटकन वर बघितलं.

बाळानं जबडा वासला होता, आणि ऊन सरळ त्याच्या तोंडात पडत होतं.