यानिनाचं गाव

"लढाई संपली गं बाई! आता तू घरला जाणार!" कोल्हापूरजवळच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत दूध घालणारी शेवंताक्का पेढे घेऊन धावतच आली.

छावणीत राहून मराठी शिकलेली यानिना पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसून होती. "अक्का, आमच्या पोलंडवर हल्ला झाला, म्हणून महायुद्ध पेटलं. आता जिंकलेल्यांनी माझं गाव रशियाला देऊन टाकलं. त्याच रशियानं आम्हाला घरातून हाकललं होतं."

"असं कसं? गावातल्या माणसांना कुणी इचारलं?"

"कुणीच नाही."

पेढ्यांचा पुडा शेवंताक्काच्या हातातच राहिला.

काही वर्षांत छावणीही उठली. स्टेशनवर निरोप देताना शेवंताक्कानं विचारलं, "आता कुठं जाणार गं?"

"जिथं उतरवतील तिथं," म्हणत यानिना पोरीला कडेवर घेऊन गाडीत चढली.