सुराखालचा सूर

यंत्राने जुन्या ध्वनिमुद्रणातून बुवांचा आवाज वेगळा काढला, तबला काढला, सभागृहातला पंखासुद्धा काढला. शर्वाणी बोरवणकरांची आई मात्र सापडली नाही. तीस वर्षे ती तानपुरा घेऊन बुवांच्या मागे बसली आणि त्यांच्या सुराखाली हलकेच गात राहिली. तिचे एकटीचे मुद्रण कधी झालेच नाही.

"फाइल तर मूळच्याएवढीच जड आहे, केळुसकर काका."

"जड आहे, मूळ नाही," संग्रहालयाचे वृद्ध संग्राहक म्हणाले. "जागा वाचवण्यासाठी आम्ही सगळी मुद्रणं लहान केली. मोठ्या आवाजाखालचा बारीक आवाज कानाला कळत नाही, म्हणून त्या रूपांतरात तो गाळला जातो. पुढे फाइल पुन्हा मोठी केली. गाळलेलं परत येत नाही."

"कळत नाही, हे ठरवलं कुणी?"

"शास्त्रानं. आणि मी. समितीत तासभर वाद घालून जिंकलो होतो. हे यंत्र तेव्हा नव्हतं, हे खरं. पण मूळ प्रत पुसायचं कारणही नव्हतं."

बुवा जिथे श्वास घेत, तिथे आईचा सूर झाकला गेला नसणार; तेवढ्याच जागा दोघांनी यंत्राला शोधायला लावल्या. तीन तासांच्या मैफलीतून आईचे अकरा सेकंद निघाले.

शर्वाणीने ते डोळे मिटून ऐकले.

"बुवांचा दमसास फार मोठा होता, नाही?" तिने विचारले.

केळुसकरांनी मान हलवली. त्या दमसासाची त्यांनी जन्मभर तारीफ केली होती.