एकटं बदक

देवळाच्या जत्रेत सकाळपासून लोकांची नावं चित्राक्षरांत रंगवून म्हाताऱ्या कुआंगचं मनगट भरून आलं होतं. तेवढ्यात एक जोडपं आलं आणि बाईने त्याच्याच हातचं बारा वर्षांपूर्वीचं चित्र पुढ्यात पसरलं. दोघांच्या नावांचे फटकारे बांबूंचे, ठिपके माशांचे आणि मधोमध सुखी संसाराची खूण म्हणून बदकांची जोडी. “काका, सकाळीच घटस्फोट झाला. हे कापून वाटून द्या.” “एकटं बदक भिंतीवर टांगत नाहीत, पोरी,” कुआंग जांभई दाबत म्हणाला. “थांब, बदकांवर दुसरं काहीतरी रंगवतो.” “माझ्या बदकाचं कमळ करा. ह्याच्या बदकाचा दगड, शोभेल ह्याला.” शेजारी उभा असलेला तिचा आधीचा नवरा कसनुसा हसला. कमळ झालं, दगड झाला, मग कुआंगने पात्याने कागद उभा चिरला. ती आपला तुकडा उचलणार, तोच दगडवाला पुढे वाकला. “काका, तेवढं तिचं चित्र नळीत घालून द्या. ती पिशवीत काहीही कसंही कोंबते.”