बळीराम जेवत नाही

"आठ दिवस झाले जी, धड जेवत नाही हा माणूस!" सत्यवतीनं नवऱ्याला खुर्चीत जवळजवळ ढकललंच. "काल रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही उठला नाही. तुम्हीच विचारा पाळकसाहेब, काहून असं करून राहिला तर."

पाळक दिवाकरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि दाराला कडी घातली. डिसेंबर एकाहत्तरचे दिवस. लढाई सुरू झाल्यापासून अधारताल वस्तीतल्या त्या लहानशा चर्चमध्ये रोज कोणी ना कोणी डोळे पुसत यायचं.

"इथलं बोलणं इथंच राहील, बळीराम. माझ्या बायकोलाही कळणार नाही. देवासमोर शब्द देतो."

बळीराम मान खाली घालून बसला. लष्करी कारखान्यात तो आदळल्यावर तोफगोळा फोडणारे फ्यूज तपासायचा. त्याचा शिक्का पडला की पेटी बंद व्हायची आणि थेट मालगाडीत चढायची. सतरा वर्षांत त्याच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

खरं तर दिवाकरांचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकुलता एक मुलगा मोहन आघाडीवर, आणि तीन आठवडे पत्र नाही. पोरगा फौजेत आहे एवढंच लोकांना ठाऊक होतं. तो तोफेवर आहे हे त्यांनी आठ दिवसांमागच्या रविवारी चर्चमध्ये सांगितलं, प्रार्थना मागितली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. पण दुसऱ्याचं ऐकताना आपलं गिळायचं, पाळकाचं कामच मुळी ते!

"घरी भांडण झालं?"

"नाही जी."

"दारू?"

"छे, छे!"

माणूस आधी वरवरचंच सांगतो, खालचं उकरावं लागतं, हे दिवाकरांना पक्कं माहीत होतं. बळीराम आपल्याच हातांकडे पाहत होता. दिवाकरांना वाटलं, सापडलं!

"तुझ्या गोळ्यांनी माणसं मरतात. तेच सलतंय ना?"

बळीरामचे डोळे भरून आले. "जुलैमध्ये तुम्ही प्रवचन केलं साहेब. 'खून करू नको.' जो हत्यार घडवतो त्यालाही देवाला उत्तर द्यावं लागेल, म्हणाले. तवापासून जीव असा कोंडला आहे! नोकरी सोडावी, तर या दिवसांत सोडू कोण देतं? अन् पोरांना खाऊ काय घालू?"

दिवाकरांना स्वतःच्या शब्दांची लाज वाटली. लढाई नसताना किती सहज बोलून गेलो आपण!

त्यांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ते विसर, बाबा. चुकलंच माझं. अरे, शत्रू अंगावर येतो तेव्हा माझ्या मोहनकडे दुसरं आहे काय? तुझ्या हातचे गोळे आहेत, म्हणून तर तो जिवंत राहील. जा, घरी जाऊन पोटभर जेव. तुझ्या माथी कोणाचा खून नाही."

बळीराम हुंदके देऊ लागला. त्यानं दिवाकरांचे पाय घट्ट धरले.

"खून नाहीच जी केला मी. जुलैपासून प्रत्येक फ्यूजमधली सुई काढूनच शिक्का मारून राहिलो. गोळा पडतो साहेब, फुटत नाही."